पळीत आलेलं नाव

माझ्या थोरल्याचं वागणं मला पटलेलं नाही.

हे मी चारचौघांत सांगते. मेलेल्या मुलाबद्दल आई असं बोलते म्हणून लोक नाकं मुरडतील. मुरडू देत. तो मेल्यासारखा वागला असता तर मीही गप्प बसले असते.

ही घटना खरी आहे. माझ्या घरात घडली, माझ्या डोळ्यांसमोर. ज्यांना वाटतं अशा गोष्टी फक्त रात्री होतात, त्यांनी खुशाल पान उलटावं. मी सांगते ती वेळ सकाळी अकराची. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. जागा आमचं घर, बिश्केकच्या कडेला, वस्तीतल्या शेवटच्या गल्लीत.

माझं नाव सेयिलकान, पोरं आणि वस्ती मला अपा म्हणते. शाळा मी पाच वर्षं पाहिली, पुढे मेंढरं पाहिली. मला दोन मुलगे. थोरला कुबात, धाकटा इल्गिज. दोघंही कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणारे.

कुबात त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत गेला. तोओ-अशूच्या घाटात बर्फाचा कडा कोसळला, त्याखाली त्याची करडी गाडी सापडली. तिसऱ्या दिवशी.

वर्ष झाल्यावर मी रीतीप्रमाणे जेवण घातलं. घोडी कापली. अख्ख्या वस्तीसमोर माझ्या हाताने त्याच्या बायकोच्या, एलनुराच्या, डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि पांढरा बांधला, म्हणजे सुतक संपलं.

"तू सव्वीस वर्षांची आहेस," मी म्हटलं. "माझ्या चुलीपाशी म्हातारी होऊ नकोस. माहेरी जा. चांगला माणूस मिळाला तर लग्न कर."

ती रडली. मी नाही रडले.

त्या गुरुवारी सकाळी साडेसात वाजता ती माहेरी निघाली. तोक्तोगुलला. मिनीबसने. त्याच घाटातून.

मीच पाठवली.

आता त्या प्रोग्रामबद्दल सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

घाटातून जाणाऱ्या ड्रायव्हरांसाठी दोघा भावांनी वेबसाईट केली होती. ड्रायव्हर गाडीचा नंबर आणि प्रवाशांची नावं भरतो. मग त्याला दोनच बटणं. 'निघालो' आणि 'पोहोचलो'. तिसरं काही नाही. घरचे लोक आपलं पान उघडून बघतात, घाटातल्या चौकीवाले आपलं पान उघडून बघतात.

एकदा मी कुबातला विचारलं होतं, "एवढी पानं. कुठल्या पानाला कसं कळतं कोण विचारतंय, कुठली गाडी, घाट उघडा की बंद?"

तो हसला. मानेवर कानाखाली त्याला भाजल्याचा डाग होता. लहानपणी माझ्या कढईतलं तेल उडालेलं. हसला की तो डाग ताणायचा.

"अपा, तू घरात काय करतेस? प्रत्येक पाहुण्याला घरून भाकरी बांधून आणायला सांगतेस का?"

"तुझ्या सासरच्यांना सोडून कोणाला नाही सांगत."

"तसंच. जेवणाला अंथरतेस तसं मधे एक दस्तरखान अंथरायचं. सगळ्यांना लागणारं सगळं त्यावर मांडायचं. आम्ही लोक त्याला कॉन्टेक्स्ट म्हणतो. आणि मी एक छोटी पळी लिहिलीय. पाच-सहा ओळींची. कुठल्याही पानाने ती पळी घालायची नि दस्तरखानावरून हवं ते वाढून घ्यायचं."

"आणि पाहुणा उठला की?"

"की दस्तरखान झटकून पुन्हा नवं अंथरायचं. एकाचं उष्टं दुसऱ्याला जाता कामा नये."

मला कळलं. मेंढरं राखणाऱ्या बाईला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

पण त्याने एक चूक केली. ती चूक माझी.

पोरांना मी लहानपणापासून बजावत आले. पाहुण्याला रिकामं दस्तरखान दाखवायचं नाही. काही नसेल तर निदान एक भाकरी ठेवायची. कुबातच्या हाडात ते मुरलेलं. प्रोग्रामात दस्तरखानावर ड्रायव्हरचं नाव नसेल, तर पळी रिकामी यायला हवी. पानावर 'माहीत नाही' असं दिसायला हवं. त्याला ते बघवेना. त्याने लिहून ठेवलं...

काहीच नसेल तर माझं नाव वाढ.

नंतर काढतो म्हणाला. नंतर तो घाटात गेला.

तर. गुरुवार. अकरा वाजलेले.

इल्गिज खोलीतून बाहेर आला. तोंड पांढरंफटक.

"अपा, घाटात कडा कोसळलाय. बोगद्याच्या पलीकडे."

"एलनुरा?"

"फोन लागत नाही."

मी कणकेचे हात तसेच घेऊन त्याच्या लॅपटॉपसमोर बसले. पानावर सोळा ओळी होत्या. सोळा गाड्या अडकलेल्या. प्रत्येक ओळीत ड्रायव्हरच्या जागी एकच नाव.

कुबात.

कुबात.

कुबात.

सोळा वेळा.

"हे काय आहे?"

"अपा, घाबरू नको. चूक आहे. तिकडे नेटवर्क तुटतंय. ड्रायव्हरांची नावं पोचत नाहीत, दस्तरखान रिकामं राहतं, मग पळी दादाचं नाव देते. मी ती ओळ काढायला हवी होती."

"एक वर्षात का नाही काढलीस?"

का नाही काढली ते मला माहीत होतं. मीसुद्धा त्याच्या चपला दारातून उचलल्या नव्हत्या.

तेवढ्यात फोन वाजला. चौकीवरचा तोक्तोबेक. बर्फातून माणसं काढणाऱ्यांचा मुख्य.

"अपा, सोळा गाड्या बर्फाखाली आहेत. माझ्याकडे बारा माणसं आणि दोन मशिनं. कुठल्या गाडीत कोण ते कळलं तर तिथे आधी खणतो. तुमची वेबसाईट म्हणते सगळ्या गाड्या कुबात चालवतोय."

"माझा कुबात मेलाय, तोक्तोबेक."

"माहीत आहे अपा. मीच काढला त्याला."

फोनमधून वारा ऐकू येत होता.

"माझी सून कुठल्या गाडीत आहे ते अर्ध्या तासात सांगते," मी म्हटलं. "खणत राहा."

"अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, अपा. बर्फाखाली वेळ फार नसतो."

मी इल्गिजच्या पाठीत बुक्की मारली. "कर नीट."

मी त्याला चहा दिला नाही, धीर दिला नाही. नुसती मागे उभी राहिले. त्याने भावाची ओळ पुसली. प्रत्येक पाहुण्यानंतर दस्तरखान झटकायचं, हेही नीट लिहिलं, म्हणजे एका गाडीला आलेलं कुबातचं नाव पुढच्या गाडीला चिकटायला नको.

"आता बघ," तो म्हणाला.

टिंग.

एकेक नाव बदलायला लागलं. काही ओळींत खरे ड्रायव्हर आले. सापारअली. झानीश. काहींत 'माहीत नाही' आलं. दहा बदलल्या. बारा. पंधरा.

एक ओळ तशीच राहिली...

ड्रायव्हर, कुबात. प्रवासी, एलनुरा. बसायच्या जागा चार. रिकाम्या तीन.

खाली गाडीचा नंबर होता.

तो नंबर मला पाठ आहे. माझ्याच आवारात उभ्या असलेल्या गाडीचा तो नंबर.

"पुन्हा कर," मी म्हटलं.

त्याने पुन्हा केलं. तीन वेळा केलं. प्रोग्राम बंद करून उघडला.

टिंग. कुबात. एलनुरा.

"अपा, ती ओळ मी पुसलीय. आता हे नाव येतच नाही. पळीत हे नाव कुठून येईल? कोणीतरी भरल्याशिवाय..."

"कोण भरणार?"

"त्या गाडीच्या ड्रायव्हरलाच भरता येतं."

मी उठले. अंगावर काही न घेता आवारात गेले.

कुबातची करडी गाडी घाटातून आणली तेव्हा तिचं तोंड चेपलेलं होतं. शरद ऋतूत मेकॅनिकने इंजिन काढून नेलं. बॉनेटखाली नुसता खड्डा. त्यात माझ्या कोंबड्या अंडी घालतात. थंडीत त्या तिथून हलत नाहीत.

त्या दिवशी सहाही कोंबड्या बाहेर बर्फात बसलेल्या. एकमेकींना चिकटून. आवाज नाही.

पहाटेपासून बर्फ पडत होता. कुंपणावर वीतभर, छपरावर वीतभर, गाडीच्या टपावर वीतभर.

फक्त बॉनेटवर नव्हता...

तिथे ओलं होतं. पाणी ठिबकत होतं.

मी हात ठेवला.

गरम.

लांबून गाडी चालवून आल्यावर असतं तसं गरम. आणि खाली इंजिन नाही.

मी ओरडले नाही. मी त्या पत्र्यावर थाप मारली. लहानपणी त्याच्या पाठीवर मारायचे तशी.

"कुबात," मी म्हटलं. "तिला सोड. ती आता तुझी नाही. मी रुमाल बदललाय, सगळ्यांनी पाहिलंय."

काही झालं नाही. ठिबकणं मात्र थांबलं.

आत आले तर इल्गिज फोनवर होता. तोक्तोबेक विचारत होता गाडी कुठली. इल्गिज माझ्याकडे बघत होता. काय सांगणार? इंजिन नसलेली, आमच्या कोंबड्यांची?

"सांग, शोधतोय," मी म्हटलं.

"अपा, अर्धा तास होऊन गेलाय."

"मला घड्याळ कळतं."

माझ्याकडे काही उरलं नव्हतं. शिक्षण नाही, मशीन नाही, घाटापर्यंत जायला पाय नाहीत. एकच गोष्ट होती. गुरुवार होता, आणि कणीक मळलेली होती.

आमच्यात गुरुवारी मेलेल्यांसाठी सात रोट्या तेलात तळतात. खायला ते येत नाहीत. त्यांच्यापर्यंत वास पोचतो म्हणतात. वर्षभर मी एकही गुरुवार चुकवला नव्हता. वर्षाचं जेवण झाल्यावर मात्र थांबवलं. इल्गिजला म्हटलं, आता पुरे, त्याला जाऊ दे.

तीन गुरुवार मी तळलं नव्हतं.

मी कढई ठेवली. तेल तापलं. पहिली रोटी सोडली तेव्हा तेल माझ्या मनगटावर उडालं. मी पुसलंही नाही.

"अपा, हे काय करतेस?" इल्गिज दारात उभा होता. "ती बर्फाखाली आहे आणि तू स्वयंपाक करतेस?"

"तुझं काम तू कर. माझं मला करू दे."

"माझं काम संपलं. मला काही सुचत नाही." तो उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "आपण दोघांनी मिळून तिला मारली. मी ओळ काढली नाही. तू तिला धाडलीस."

मी सात रोट्या तळल्या. मोजून. दस्तरखान अंथरलं. घरातलं जुनं, कुबातच्या लग्नातलं. रोट्या मधे ठेवल्या. त्याचा वाडगा काढला, त्यात चहा ओतला. अर्धाच. भरून वाडगा दिला की पाहुण्याने उठावं असा अर्थ होतो. मला त्याला उठवायचं नव्हतं. बोलायचं होतं.

लॅपटॉप आणून दस्तरखानाच्या टोकाला ठेवला.

"कुबात," मी म्हटलं. "मी चुकले. तीन गुरुवार तुला रिकामं दस्तरखान दाखवलं. ज्या बाईने तुला शिकवलं तिनेच. ही घे भरपाई. पण पोरीला उतरव. मी गुडघ्यावर बसत नाही कोणासमोर, तुझ्या बापासमोरही बसले नाही. आज बसते."

आणि मी बसले.

घड्याळाची टिकटिक. तेलाचा वास. इल्गिजचं हुंदके देणं.

मग तेही थांबलं...

वाडग्यातल्या चहावर वाफ होती. वाफ सरळ वर जात होती. एकदम ती एका बाजूला वाकली. कोणीतरी अलगद फुंकर मारल्यासारखी.

कुबात चहा नेहमी फुंकून प्यायचा. मी त्यावरून त्याला बोलायचे.

टिंग.

ओळ बदलली होती.

ड्रायव्हर, कुबात. प्रवासी उतरले, एक. जागा, बर्फाची कमान, तिसरी खिडकी.

घाटात रस्त्यावर काँक्रीटच्या लांब कमानी बांधल्यात, कडा कोसळला तर बर्फ वरून जावा म्हणून. त्यांना खिडक्यांसारखी भोकं असतात.

इल्गिजने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"अपा, प्रवासी कुठे उतरला हे लिहायची सोयच नाही आपल्या प्रोग्रामात. तशी जागाच नाही. मी बनवलीच नाही."

"फोन लाव," मी म्हटलं.

तोक्तोबेक वाद घालत बसला नाही. नंतर म्हणाला, अपा, तुमचा आवाज असा होता की मी विचारलंच नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"सापडली. जिवंत आहे. तिसऱ्या खिडकीच्या आत बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. एकटी. कमान दोन्ही बाजूंनी बंद झालेली. आम्ही तिकडे संध्याकाळपर्यंत गेलो नसतो अपा. तिथे गाडीच नव्हती."

मी फोन इल्गिजच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ.

एलनुराच्या पायाची दोन बोटं गेली. बाकी ती वाचली. दवाखान्यात तिने मला सांगितलं. मी तिचे शब्द तसेच लिहिते.

"बसस्थानकावर पोचले तर एक गाडी समोरच उभी. आतून माझं नाव घेतलं. वाटलं, इल्गिजने सांगून ठेवली असेल. मागे बसले. घाटापर्यंत ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. आरशात बघावं तर आरसा वर वळवलेला. मला फक्त त्याची मान दिसत होती."

"मग?"

"कमानीत त्याने गाडी थांबवली. खूप वेळ थांबून होता. किती ते सांगता येत नाही. काचा बर्फाने भरल्या. मी विचारलं, का थांबलोय. तो बोलला नाही. मला झोप यायला लागली. मग अचानक गाडीत तळल्याचा वास आला, आई. तुमच्या रोट्यांचा. तो म्हणाला, उतर, अपा बोलावतेय."

"मानेवर काही होतं का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चेहरा भिंतीकडे वळवला.

"तुम्ही का विचारता, आई? तुम्हाला माहीत आहे."

मिनीबसवाला सापारअली वाचला. त्याला मी स्वतः जाऊन भेटले. म्हणाला, "तुमच्या सुनेचं नाव मी दोनदा पुकारलं. ती आलीच नाही. मग मी तिचं नाव भरलं नाही."

दवाखान्यातून सुटल्यावर चार दिवसांनी मी एलनुराला विमानाने पाठवलं. ओशला, म्हणजे वाटेत तो घाट नको. तिथून तिचे वडील घेऊन गेले. आता तिचं बरं चाललंय असं कळतं. मी फोन करत नाही. माझ्या आवाजामागून दुसरं कोणी तिच्याशी बोललं तर, अशी भीती वाटते.

इल्गिजने तो प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. पळी नवी. रिकामं असेल तर रिकामंच दाखवते. करडी गाडी भंगारात दिली. ती नेली तेव्हा कोंबड्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

मी दर गुरुवारी तळते. चुकवत नाही.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

काल गुरुवार होता. सकाळचे अकरा. मी रोट्या दस्तरखानावर ठेवल्या आणि आतून आवाज आला...

टिंग.

इल्गिज सोमवारी ओशला जायचाय. कामासाठी. रस्त्याने, त्याच घाटातून. अजून त्याने कुठल्याही ड्रायव्हरला सांगितलेलं नाही. मलाही सकाळीच सांगितलं, चहा पिताना.

तो लॅपटॉप उघडा धरून बाहेर आला. नुसता माझ्यासमोर ठेवला.

ड्रायव्हर, कुबात. प्रवासी, इल्गिज. बसायच्या जागा चार. रिकाम्या तीन.

'निघालो' दाबलेलं नव्हतं. अजून.

मी ते बघितलं. मला भीती वाटली का? वाटली. अजून वाटतेय, हे लिहिताना चहाचा वाडगा मी पालथा घालून ठेवलाय. पण माझं पोर माझ्याच दस्तरखानावर बसून माझ्याशी उद्धटपणा करतंय, हे मी खपवून घेत नाही. जिवंत असो की नसो.

इल्गिजला म्हटलं, बाहेर जा. दार लावून घेतलं. वाडगा काढला आणि ह्या वेळी चहा काठोकाठ भरला. मग वरच्या जागेवर, जिथे पाहुण्यांतला सगळ्यात मोठा बसतो, तिथे मी बसले. आणि मोठ्याने बोलले. शेजारणीनेही ऐकलं, नंतर विचारत होती.

"कुबात, तुला एकट्याने गाडी चालवायला भीती वाटते हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण सोबत वयाने मिळते. तरण्याताठ्यांना हाक मारायची नाही. इल्गिजचं नाव पूस आणि तिथे माझं लिही, सेयिलकान, खिडकीकडची जागा, मला घाटात मळमळतं. मी सवडीने येईन, तू बोलावशील तेव्हा नाही. तोवर गाडी बंद करून बस."